गोगलगायीच्या स्मरणशक्तीचा आपल्याशी काय संबंध?

तुमचा प्रश्न असा आहे: शेपटीला बसलेला शॉक एखाद्या गोगलगायीच्या लक्षात राहतो, पण त्यावरून माणसाला पाढे कसे पाठ होतात हे कसं कळणार? हा ओढूनताणून जोडलेला संबंध नाही का?

शंका रास्त आहे. चेताशास्त्रज्ञ एरिक कॅन्डेल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲप्लिसिया ही समुद्री गोगलगाय निवडली, तेव्हा अनेक ज्येष्ठ संशोधकांनाही तसंच वाटत होतं. त्याआधी कॅन्डेल सस्तन प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागावर, काम करत होते. तिथल्या पेशींचे विद्युतसंकेत त्यांना टिपता आले, पण एखाद्या पेशीकडे कोणता अनुभव कुठून येतो आणि तिच्यामुळे वागण्यात नेमकं काय बदलतं, हे सांगता येईना. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. ॲप्लिसियात साधारण वीस हजार, आणि त्यांतल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. माझ्या मते याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. तीच पेशी प्रत्येक ॲप्लिसियात त्याच जागी सापडते. म्हणून तिला नाव देता येतं, आणि शिकलेल्या व न शिकलेल्या प्राण्यांतली ती एकच पेशी शेजारी शेजारी ठेवून तपासता येते.

प्रयोग साधा होता. ॲप्लिसियाच्या शरीरावरच्या नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा स्पर्श करत राहिलं, तर प्रतिसाद मंदावतो. रेल्वेलाइनला लागून राहणाऱ्यांना गाड्यांचा आवाज ऐकू येईनासा होतो, तशीच ही सवय. पण शेपटीला शॉक दिला की त्यानंतर त्याच हलक्या स्पर्शालाही कल्ला जोरात आत जातो. एका शॉकचा परिणाम काही मिनिटं टिकतो. तेच मध्ये वेळ सोडून चार-पाच शॉक दिले, तर तो काही दिवस राहतो.

आता खरा मुद्दा. शिकताना नवी पेशी तयार झाली नाही, की नवा मार्गही उघडला नाही. स्पर्श जाणणारी पेशी आणि कल्ला हलवणारी पेशी यांच्यातली जोडणी आधीपासून होतीच. फक्त तिची ताकद बदलली. सवय झाली तेव्हा पहिली पेशी दुसरीला संदेश देणारं रसायन कमी सोडू लागली, शॉकनंतर जास्त. पुढे या दोनच पेशी बशीत वाढवून, शॉकऐवजी सेरोटोनिन (शॉक बसल्यावर प्राण्याच्या शरीरात सुटणारं रसायन) देऊनही हेच घडवता आलं. सेरोटोनिनमुळे पेशीत सायक्लिक एएमपी हा रेणू वाढतो आणि तो एका एन्झाइमला, प्रोटीन कायनेज ए-ला, जागं करतो. एकदाच दिलं तर परिणाम मिनिटांचा. अंतर ठेवून पाच वेळा दिलं तर हे एन्झाइम केंद्रकापर्यंत पोचतं, क्रेब नावाच्या प्रथिनामार्फत जनुकं चालू करतं आणि त्याच दोन पेशींमध्ये आणखी जोडण्या अक्षरशः उगवतात. प्रथिनं बनणं थांबवणारं औषध दिलं की दीर्घकाळची आठवण तयार होत नाही, अल्पकाळची मात्र होते. अल्प आणि दीर्घ स्मृती यांतला फरक असा पेशीच्या पातळीवर दिसला, हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत देखणं यश वाटतं.

"पण हे गोगलगायीपुरतंच असेल," असं तुम्ही म्हणाल. इथेच फळमाशी येते. कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत माश्यांना विशिष्ट वासाबरोबर शॉक देऊन तो वास टाळायला शिकवत. १९७६मध्ये तिथे शिकू न शकणारी उत्परिवर्तित माशी सापडली; तिला 'डन्स' असं नाव दिलं. बिघडलेलं जनुक शोधल्यावर कळलं, की ते सायक्लिक एएमपी मोडणाऱ्या एन्झाइमचं आहे. 'रुटाबागा' या दुसऱ्या माशीत तोच रेणू बनवणारं एन्झाइम बिघडलेलं निघालं. एक गट विद्युतसंकेत मोजत होता, दुसरा जनुकं तपासत होता. प्राणी वेगळे, पद्धती वेगळ्या, आणि दोघेही एकाच रेणूपाशी आले. मला पटवणारा पुरावा हाच. (बेन्झर यांच्याबरोबर माश्यांवर काम केलेले ओबेद सिद्दिकी आणि त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या वास-चवीचं जनुकशास्त्र आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभं केलं. आपल्याकडे याची फार कमी चर्चा होते.) १९९४मध्ये तर क्रेब बिघडवलेले उंदीर तपासले गेले: शिकल्यावर अर्ध्या तासानं त्यांना आठवत होतं, दुसऱ्या दिवशी मात्र फारसं आठवेना.

तरी तुमच्या शंकेतला एक भाग खरा आहे. १९५३च्या शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढल्यावर हेन्री मोलेसन या रुग्णाला नव्या घटना आठवेनाशा झाल्या, पण आरशात पाहून चित्र गिरवण्याचं कौशल्य ते शिकले. म्हणजे स्मृतीचे प्रकार वेगळे आहेत आणि त्यांची जाळीही. गोगलगाय जोडणी कशी बदलते हे सांगते. कालचा प्रसंग मेंदूत कसा मांडला जातो, हे तिला विचारून कळणार नाही. ते उंदरांत आणि माणसांतच शोधावं लागतं.

शिवाय प्रथिनं तर काही दिवसांत मोडतात; मग आठवण वर्षानुवर्षं कशी टिकते? कॅन्डेल यांच्या प्रयोगशाळेत कौशिक सी यांना २००३मध्ये प्रायॉनसारखं (प्रायॉन म्हणजे आपलं रूप इतर प्रथिनांवरही लादणारं प्रथिन) स्वतःचं रूप टिकवून धरणारं एक प्रथिन सापडलं, तेही ॲप्लिसियातच. त्याच कुळातलं ऑर्ब२ हे प्रथिन फळमाशीच्या दीर्घ स्मृतीलाही लागतं, असं पुढे दिसून आलं.