तिनं पुस्तक दिलं, म्हणजे सांगितलं असं नाही

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मिळालं. तू ३१ वर्षांची, ठाण्याची. तुला जी आवडते ती ३४ची, तुझ्याच ऑफिसात पण दुसऱ्या विभागात. दोन वर्षं दुपारी एकत्र जेवता आणि तू रोज तिच्या वाटणीच्या दोन पोळ्या जास्तीच्या घेऊन निघतेस. महिन्यापूर्वी तिनं तुला साकाओमि युझाकी यांच्या ‘त्सुकुरिताई ओन्ना तो ताबेताई ओन्ना’ (रांधायला आवडणारी बाई आणि जेवायला आवडणारी बाई) या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, इंग्रजीतले तीन खंड वाचायला दिले. दुसऱ्या खंडात लोकलचं जुनं तिकीट खुणेला घातलेलं सापडलं. तेव्हापासून तुला झोप नाही. हा इशारा आहे का, आणि मी तिला सांगू का, असं तू विचारतेस.

इशारा आहे की नाही, हे पुस्तकावरून कळणार नाही. बायकांमधल्या प्रेमाच्या मांगाला ‘युरी’ म्हणतात, आणि ती तऱ्हेतऱ्हेचे लोक वाचतात. या मालिकेवरून तर २०२२मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीवर टीव्ही मालिकाही आली. कित्येक जण ती केवळ त्यातल्या जेवणासाठी वाचतात. तिकिटाचं म्हणशील, तर तिथवर वाचून होईतो तिचं स्टेशन आलं असेल. त्याच्यावर इमले बांधू नकोस.

तू लिहितेस, ‘त्या दोघींसारखंच आमचंही न बोलता चाललंय.’ इथे जरा थांब. मांगाची नायिका नोमोटो हिला भरपूर रांधायला आवडतं, पण तिला एकटीला ते संपत नाही. त्याच मजल्यावरची कासुगा मन लावून, मोठे मोठे घास घेत जेवते. कासुगाचा चेहरा फारसा हलत नाही, ती बोलतेही मोजकं. तरी आपण वाचताना गोंधळत नाही, कारण नोमोटोच्या मनातलं आपल्याला थेट वाचायला मिळतं. संवाद फुग्यात, मनातलं फुग्याबाहेर, आणि जिथे काहीच बोलायचं नाही तिथे फक्त हात, वाटी, रिकामी पार्श्वभूमी. म्हणजे त्यांचं मौन आपल्याला कळतं, पण त्या दोघींना एकमेकींचं कळत नाही. तू तुझ्या गोष्टीची वाचक नाहीस, नोमोटो आहेस. तुझी मैत्रीण पोळी मोडून भाजीला लावते तेव्हा तिच्या मनात काय आहे, ते तुला कुणी लिहून देणार नाही. म्हणून माझं मत: सांग. पण आधी थोडी तयारी कर.

नोमोटो कासुगाशी बोलण्याआधी ऑनलाइन ओळख झालेल्या याकोशी बोलते. मला हा त्या मालिकेतला सगळ्यांत शहाणा भाग वाटतो. तूही आधी बाहेरच्या एका माणसाशी बोल. ऑफिसातलं कुणी नको, तुमच्या दोघींच्या ओळखीतलं तर नकोच. तुझ्या एका वाक्यानं तिच्याबद्दल कुजबुज सुरू होईल आणि तिला त्याचा पत्ताही नसेल. मुंबईत स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांसाठी १९९५पासून काम करणारा ‘लाबिया’ हा गट आहे, त्याचं आधीचं नाव ‘स्त्री संगम’. तिथे तुला नवीन काही समजावून सांगावं लागणार नाही.

आता शब्द. जपानीत ‘सुकी’ म्हणजे आवडतं. भातही सुकी, माणूसही सुकी. म्हणून तिकडे मनातलं सांगताना बहुतेकदा ‘सुकी देसु’ला जोडून ‘त्सुकिअत्ते कुदासाई’ म्हणतात, म्हणजे माझ्याबरोबर नातं जोडशील का. मराठीतही हीच अडचण आहे. ‘तू मला खूप आवडतेस’ एवढंच म्हणालीस तर ती ‘मलाही तू आवडतेस गं’ म्हणून डब्याचं झाकण लावेल, आणि तू आणखी सहा महिने त्या ‘गं’चा अर्थ लावत बसशील. दुसरं वाक्य हवंच. असं म्हण: ‘तू मला मैत्रिणीपेक्षा वेगळी आवडतेस. तुझ्याही मनात तसं काही आहे का, हे मला जाणून घ्यायचंय. आज उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’ घरी दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघ, जीभ अडखळायची थांबते.

कँटीनमध्ये नको, व्हॉट्सअॅपवर नको. लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती लागतं. रिक्षात किंवा तिच्या घरीही नको, कारण तिला उठून जाता आलं पाहिजे. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारा. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि गर्दीत आपल्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

बिघडतं ते बहुधा सांगून झाल्यावर. ती गप्प झाली की घाबरून ‘अगं, गंमत केली’ म्हणावंसं वाटतं. ते म्हणू नकोस; एकदा म्हटलंस की तेच खरं मानायची तिला मुभा मिळते आणि पुन्हा सांगणं दुप्पट अवघड होतं. मनात वीस आकडे मोज. दुसऱ्या दिवशी ‘विचार केलास का?’ विचारू नकोस, निदान आठवडा जाऊ दे. आणि डबा बंद करू नकोस, ती शिक्षा वाटते. निघताना सांग, ‘सोमवारी मी नेहमीच्या टेबलावर आहे, यायचं की नाही तू ठरव.’ नाही म्हणाली तर ते एकदाच ऐकायचं आणि तिचं मन वळवायला जायचं नाही.

घरचे तुझ्यासाठी स्थळं बघतायत, त्याबद्दल: हे सगळं स्पष्ट होईपर्यंत कुणाला होकार देऊ नकोस. तिला हलवून बघायला म्हणून तर नाहीच, त्यात तिसऱ्याचं आयुष्य भरडतं. घरी सांगायची घाई त्याच आठवड्यात नको.

ती हो म्हणालीच, तर कायद्याचं थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८पासून हे नातं गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. पण जोडीदारासोबत संयुक्त बँकखातं उघडता येतं आणि तिला नॉमिनी करता येतं, हे केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केलंय. ते पुढचं.

या शनिवारी तिन्ही खंड परत दे, तिकीट होतं त्याच पानात ठेवून. देताना एकच विचार: ‘नोमोटोला स्वतःचं मन कळतं, तो भाग तुला कसा वाटला?’ ती नोमोटोबद्दल बोलते की स्वतःबद्दल, ते शांतपणे ऐक. मग चौथा खंड आहे का, ते विचार.