पाखंडी, फुटीर आणि परिषद

प्रश्न : एका बातमीच्या मराठी भाषांतरात फ्रेंच कॅथलिक आर्चबिशप मार्सेल लफेव्र आणि त्यांच्या मागे गेलेल्या, लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) धरून बसलेल्या धर्मगुरूंना ‘पाखंडी’ म्हटलं आहे. ओळखीचे एक फादर म्हणाले, ‘फुटीर’ म्हणा. बरोबर काय?

उत्तर : ‘पाखंडी’ तर नाहीच नाही. हा शब्द हल्ली कुणाच्याही अंगावर फेकतात, आणि तोही हिंदीतला अर्थ मनात धरून. हिंदीत पाखंडी म्हणजे ढोंगी. मराठीत पाखंड म्हणजे मान्य धर्ममताच्या विरुद्ध मत, मग ते मांडणारा कितीही प्रामाणिक असो. हा फरक आपण डोळ्यांदेखत घालवतो आहोत, याची मला चीड येते.

चर्चच्या कायद्यातलं ७५१वं कलम तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवतं. श्रद्धेतलं एखादं सत्य हट्टाने नाकारणं ही एक. ख्रिस्ती श्रद्धाच सोडून देणं ही दुसरी. पोपची सत्ता, किंवा तिच्याखालच्या ख्रिस्तसभेशी असलेलं ऐक्य, नाकारणं ही तिसरी. पाखंड म्हणायचं ते पहिल्याला. लफेव्र यांनी ३० जून १९८८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये एकोन इथे पोपच्या परवानगीविना चौघांना बिशपपदाचा अभिषेक केला. दोनच दिवसांनी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते कृत्य तिसऱ्या प्रकारात बसवलं. तुमच्या फादरांचा शब्द या तिसऱ्या प्रकारासाठी आहे. त्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द चिरणे, फाडणे या अर्थाच्या धातूपासून आला, आणि तो धातू म्हणजे आपल्या संस्कृत ‘छिद्’चा, म्हणजे कापणे याचा, सख्खा भाऊ. छेद, छिद्र, छिन्न ही सगळी त्याच घरातली मंडळी.

पण ‘फुटीर’ला आपल्याकडे वेगळा वास आहे. फुटीर म्हटलं की पक्ष सोडून दुसऱ्या पक्षात गेलेला आमदार डोळ्यांपुढे येतो. लफेव्र दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये गेले नाहीत. त्यांच्या संस्थेचे धर्मगुरू जुन्या लॅटिन मिस्सेत, अगदी हळू आवाजात म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत, पोपचं नाव घेतात : ‘ऊना कुम फामुलो तुओ पापा नोस्त्रो’, म्हणजे ‘तुझा सेवक, आमचा पोप, याच्यासह’, आणि पुढे त्या वेळच्या पोपचं नाव. बाकांवर बसलेल्यांना ते ऐकूही येत नाही. त्यांच्याहून कडवे एक टोक आहे. त्यांचं म्हणणं असं की पोपचं आसनच रिकामं आहे. ते ही ओळ गाळतात. रिक्तपीठवादी म्हणावं ते यांना. या दोघांना एकाच टोपलीत टाकणाऱ्या भाषांतरकाराला ही एक ओळ दाखवावी.

आता पाखंडाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. जुने टीकाकार व्युत्पत्ती देतात ती अशी : ‘पा’ म्हणजे त्रयीधर्म, तीन वेदांचा धर्म, त्याचं खंडन करतो तो पाखंड. आजही लोक ही व्युत्पत्ती मोठ्या ऐटीत सांगतात. ती साफ चूक आहे. शब्दात ‘खंड’ मुळात नाहीच! मूळ रूप पाषंड. ष चा ख करणं ही उत्तरेकडची सवय : भाषा-भाखा, वर्षा-बरखा. अशोकाच्या शिलालेखांत हा शब्द अनेकदा आला आहे आणि त्यांच्या कुठल्याही प्रतीत ख नाही. गिरनारचा बारावा लेख उघडा. राजा ‘सवपासंडानि’ पूजयति, सगळ्या पाषंडांना मान देतो. पुढे ‘आत्पपासंड’ आणि ‘परपासंड’ अशी जोडी येते : आपलं पाखंड, दुसऱ्याचं पाखंड. म्हणजे ज्याला त्याला स्वतःचं पाखंड होतं! पाषंड म्हणजे नुसता पंथ, त्यात शिवी नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मात्र पाषंडींना शब्दानेही मान देऊ नये असं सांगितलं आहे. एकीकडे पूजा, दुसरीकडे शब्दाचीही बंदी, आणि शब्द तोच.

तो आला कुठून? याच लेखाची आजच्या पाकिस्तानातली, शाहबाजगढीची प्रत पाहा. तिथे ‘प्रषंड’ आहे. त्या भागातल्या बोलीत रफार उडी मारून पुढच्या-मागच्या अक्षरावर बसतो : सर्वचं सव्र, धर्मचं ध्रम. मग प्रषंड उलगडलं की ‘पर्षंड’, ‘पार्षंड’ हाती येतं, आणि तिथून पर्षद्, म्हणजेच परिषद्, एका हाताच्या अंतरावर. मला ही व्युत्पत्ती पूर्ण पटलेली आहे. मधल्या अनुस्वारावर काहीजण अडून बसतात. त्यांनी वक्रचं वंक आणि अश्रूचं अंसु कसं झालं ते आठवावं. प्राकृत अनुस्वाराच्या बाबतीत फार उदार आहे. तेव्हा पाखंडी म्हणजे मुळात पार्षद : परिषदेतला, गोलाने बसलेल्यांपैकी एक.

आता हे लफेव्र यांच्यावर ताडून पाहा. त्यांचा सगळा झगडा ज्या गोष्टीशी होता ती दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२ ते १९६५. तिच्यात ते स्वतः बसले होते. डाकारचे आर्चबिशप राहून आलेले, एका मोठ्या मिशनरी संघाचे प्रमुख. तेव्हा ते शब्दशः पार्षद होते. परिषदेतून बाहेर पडल्यावर तिचे काही निर्णय त्यांना परंपरेच्या आड येणारे वाटले आणि त्यांनी १९७० मध्ये आपली संस्था काढली, संत पायस दहावे यांच्या नावाने. आणखी पाहा, परिषद् म्हणजे परि अधिक सद्, भोवताली बसणं. पोपच्या आसनाला लॅटिनमध्ये ‘सेदेस’ म्हणतात, तोही याच सद् धातूचा नातलग. आसन रिकामं म्हणणारे आणि परिषदेवर रुसलेले, दोघांचीही भांडणं एकाच धातूशी! मला हे सुचलं त्या रात्री झोप लागली नाही.

आपल्या वसईलाही याचा धागा पोचतो. परिषदेने लोकभाषांना मुभा दिली, त्यानंतर तिथे मिस्सा मराठीत होऊ लागली, आणि वसईच्याच शेजारी सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. बारावा, आपला पासंडांचा, तिथे अजून सापडलेला नाही. भुईगावात कुणी विहीर खणायला घेतली की माझे कान टवकारतात.

हां, तुमचा प्रश्न. नुसतं ‘परंपरावादी’ लिहूनही भागत नाही, कारण १९८८ मध्येच लफेव्र यांना सोडून आलेल्या काही धर्मगुरूंनी सेंट पीटरच्या नावाने वेगळा संघ काढला. ते जुनी लॅटिन मिस्साच करतात, पण पोपच्या आज्ञेत राहून. लफेव्र यांच्या बाजूच्यांना ‘आज्ञा मोडणारे परंपरावादी’ म्हणा. १९८८ च्या कृत्याबद्दल लिहायचं तर ‘छेद’ लिहा, तो ग्रीकाशी इमान राखतो. या कृत्यामुळे चौघा बिशपांवर आलेला चर्चदंड (एक्सकम्युनिकेशन) पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या काळात, २००९ मध्ये उठला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये या संस्थेच्या धर्मगुरूंपुढे केलेलं पापनिवेदन ग्राह्य ठरवलं आणि २०१७ मध्ये त्यांच्याकडच्या लग्नांसाठीही वाट काढून दिली. आणि त्या भाषांतरात पुढे कुठे ‘बहिष्कृत’ आलं असेल तर तेही बदला. चर्चचा तो दंड संस्कारांपासून दूर ठेवतो, वाळीत टाकत नाही. पाणवठा कुणी बंद करत नाही.