निळ्या गुलाबाच्या बियांवर पैसे घालवू नका

गुलाबाच्या रंगांविषयी तेच ते प्रश्न पुन्हा येत आहेत, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : काळा गुलाब खरा असतो का?

नाही. ‘ब्लॅक बकारा’ ही जात असो की तुर्कस्तानातल्या हाल्फेतीचा गुलाब, रंग गडद मरूनच. पाकळी उन्हात धरून बघा.

प्रश्न : निळ्या गुलाबाचं बी ऑनलाइन मागवलं, पण उगवलंच नाही. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला फसवलंय. गर्द निळ्या फुलांत बहुतेकदा डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य असतं. ते तयार करणारं विकरच (एन्झाइम) गुलाबात नाही, त्यामुळे कितीही संकर केले तरी निळा गुलाब हाती लागला नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घातलं आणि २००९ साली ती फुलं विक्रीला आणली. तीसुद्धा दिसतात फिकट जांभळी! मग पाकिटावरचा गर्द निळा रंग येतो तो फोटोतच. शिवाय संकरित गुलाबाच्या बियांतून आईसारखं झाड येत नाही, म्हणून तर नर्सरीत हव्या त्या जातीचा डोळा (कोंब) दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर बसवून कलमं करतात. फुलवाल्याकडे निळा गुलाब दिसतो तो रंगाच्या पाण्यात ठेवलेला पांढरा गुलाब. पाकळीच्या शिरा नीट बघा, रंग तिथेच जास्त साचलेला असतो. विक्रेत्याकडे पैसे परत मागाच, आणि यापुढे खरेदीआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

प्रश्न : पिवळ्या गुलाबाला दोन वर्षांनी गुलाबी फुलं येऊ लागली. शेजारी म्हणतात, मातीत हळद घाला.

हळदीने फुलाचा रंग बदलत नाही. कलमाच्या जोडाखालून खुंटाची, म्हणजे खालच्या मूळ झाडाची, फूट आलीय आणि तिने वरचं कलम दाबून टाकलंय. माती बाजूला करून ती फूट मुळापासून ओढून काढा, नुसती छाटली तर पुन्हा येते. हे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. वरचा भाग जिवंत आहे का, ते नर्सरीवाल्याला प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न : पिवळ्या गुलाबांच्याच पानांवर काळे ठिपके जास्त का?

सगळ्याच पिवळ्यांवर पडत नाहीत, पण कारण घराण्यात आहे. फ्रान्समध्ये गुलाबाच्या नव्या जाती काढणारे पेर्ने-ड्युशे यांनी ‘पर्शियन यलो’ या पिवळ्या गुलाबाच्या संकरातून ‘सोलेई दॉर’ काढला, तो १९०० साली बाजारात आला. बागेतल्या गुलाबांत गर्द पिवळा आला तो याच वाटेने, आणि रोगाला बळी पडण्याची खोडही सोबत आली. फवारणी कोणती करायची, ते पान दाखवून कृषी अधिकाऱ्यांना विचारा. अंदाजाने औषध मारू नका.

प्रश्न : रंगवलेल्या गुलाबांचा गुलकंद चालेल?

अजिबात नाही.