युनियन नसलेल्या विमान कंपनीत पायलटांनी पगाराचा मुद्दा कसा लावून धरावा? युनियन काढता येते का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: खासगी कंपनी, पुणे बेस (म्हणजे नेमणूक पुण्यात), तुम्ही फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक). नव्या करारात ताशी दर वाढलाय, तरी सगळे नाराज आहेत. ग्रुपवर काही जण म्हणतात युनियन काढू, काही म्हणतात सगळे एकदम सिक लिव्ह टाकू, आणि सीनियर कॅप्टन म्हणतात की पायलट कामगार नसतोच.

आधी पगार. ताशी दरावर वाद घालू नका, हमीच्या तासांवर घाला. समजा जुना दर ४,००० रुपये आणि हमी ७० तासांची होती, म्हणजे विमान उडो न उडो, २,८०,००० ठरलेले. नवा दर ४,४०० आणि हमी ४० तासांची, म्हणजे ठरलेले फक्त १,७६,०००. जुन्या रकमेला पोचायला आता जवळपास ६४ तास उडावं लागेल. ८० तास उडालात तर ३२,००० जास्त मिळतील, पण सुट्टी, सिम्युलेटर, मेडिकल किंवा विमानं जमिनीवर असलेल्या महिन्यात १,०४,००० पर्यंत कमी. मंदीचा धोका कंपनीच्या खांद्यावरून तुमच्या खांद्यावर आला, एवढाच त्या दरवाढीचा अर्थ. एप्रिल २०२४ मध्ये ‘विस्तारा’ विमान कंपनीचे पायलट बिथरले तेही याच मुद्द्यावर: हमी ७० वरून ४० तासांवर आली होती.

दुसरा मुद्दा तासाच्या व्याख्येचा. पुणे-दिल्ली-पुणे घ्या. रिपोर्टिंग ४:४०, चॉक्स ऑफ (विमान जागेवरून हललं) ५:४०, दिल्लीत चॉक्स ऑन (जागेवर येऊन थांबलं) ७:५०. पाऊण तासानं परत निघालात, पुण्याच्या लोहगाव विमानतळावर १०:५० ला चॉक्स ऑन, ड्युटी संपली ११:०५ ला. ड्युटी ६ तास २५ मिनिटांची, ब्लॉक, म्हणजे चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑनचा वेळ, ४ तास २५ मिनिटांचा. पैसे ब्लॉकचे. तो ब्लॉक प्रत्यक्षातला की वेळापत्रकातला, हे करारात एका ओळीत असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. सरावामुळे टॅक्सीवेवर वीस मिनिटं थांबलात, तर वेळापत्रकाच्या ब्लॉकमध्ये ती वीस मिनिटं फुकट जातात. मुंबईहून टॅक्सीनं पुण्याला आणून विमान उडवायला लावतात तेव्हा डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेच्या) नियमांत तो प्रवास ड्युटीत धरला जातो, पण पगारात धरायचा की नाही हे फक्त करार ठरवतो. स्टँडबाय (बोलावलं तर यायला तयार राहणं), सिम्युलेटर आणि रात्रीचा भत्ताही तसाच. मागण्यांच्या कागदावर आधी या व्याख्या, मग दर.

आता ‘कामगार नसतोच’ या मुद्द्याकडे. पायलट हा कुशल, तांत्रिक काम करणारा कामगारच आहे असं दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलेलं आहे. विमानातला हुकूम म्हणजे व्यवस्थापन नव्हे. कॅप्टन कोणाची रजा मंजूर करत नाही, कोणाला नोकरीवर ठेवत किंवा काढत नाही. पण कंपनी हा आक्षेप घेणारच, म्हणून पहिल्या यादीत बेस मॅनेजर, चीफ पायलट आणि ट्रेनिंगच्या पदांवरची माणसं घेऊ नका. फर्स्ट ऑफिसर आणि लाइन कॅप्टन (फक्त नेहमीची उड्डाणं करणारे) पुरेत.

नोंदणीचं सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा तिच्यात विलीन झाला. अर्जाला किमान ७ सभासद लागतात, आणि आस्थापनेतल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे सभासद नोंदणीच्या दिवशी हवेत. मोठ्या कंपनीत म्हणजे शंभर. मी म्हणेन दीडशे जमवा, कारण दबाव आला की काही जण नाव मागे घेतात. सोबत युनियनची घटना, ती मंजूर केल्याचा ठराव आणि पदाधिकाऱ्यांची यादी. बाहेरचे पदाधिकारी एक-तृतीयांश किंवा ५, यांपैकी कमी तेवढेच चालतात. सह्या कागदावर घ्या, कंपनीच्या ईमेलवर किंवा क्रू ॲपवर एक अक्षरही नको.

इथे पुण्यातले बरेच जण चुकतात. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत वावरलेला कोणीतरी सांगतो, ‘एमआरटीयू-पल्पखाली केस टाका.’ तो कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांबद्दलचा १९७१ चा राज्याचा कायदा. हवाई वाहतुकीसाठी ‘समुचित सरकार’, म्हणजे ज्याच्या अखत्यारीत हे वाद येतात ते, केंद्राचं, त्यामुळे तो तुम्हाला लागू नाही. युनियनची नोंदणी राज्याच्या निबंधकाकडे, आणि वाद मात्र केंद्राच्या कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे. चुकीच्या कार्यालयात महिने वाया जातात.

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, खरी अडचण तिथे आहे. एकाहून जास्त युनियन असतील तर एकटीनं वाटाघाटी करायला हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात. तेवढे कोणाकडेच नसतील तर वाटाघाटी परिषद होते, तिच्यात बसायला किमान २० टक्के. हजेरीपटावर केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफही असतो, त्यांच्यासमोर पायलट मूठभर. केवळ पायलटांची युनियन कागदावर छान दिसते, टेबलावर कमी पडते. एकच युनियन असेल तर, नियमांतल्या निकषांना धरून, तिलाच मान्यता द्यावी लागते. म्हणून केबिन क्रूशी सुरुवातीलाच बोला. बऱ्याच कॅप्टनना हे रुचत नाही, मला मात्र दुसरा भक्कम मार्ग दिसत नाही.

सामूहिक सिक लिव्ह अजिबात नको. ५० टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा संहितेत संपच धरली आहे, आणि सिक लिव्हलाही कंपनी तेच लेबल लावणार. संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. बेकायदा संपाला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूनं हा मार्ग घेतला, पंचवीसेक जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्या परत मिळाल्या त्या दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोरच्या बैठकीत. त्या टेबलावर आधीच जाता येतं.

तुमच्या हातातलं खरं हत्यार वेगळं आहे. वेतन, भत्ते, कामाचे तास किंवा विश्रांती कामगाराच्या तोट्याची बदलायची तर कंपनीला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ईमेलमधली ‘आय ॲक्सेप्ट’ची लिंक म्हणजे ती नोटीस नव्हे. ती लिंक दाबू नका, लेखी हरकत पाठवा आणि समेट अधिकाऱ्याकडे वाद नोंदवा. समेटाची कार्यवाही सुरू असताना वादातल्या सेवाशर्ती कंपनीला तुमच्या तोट्याच्या करता येत नाहीत. युनियन नोंदली की काही पदाधिकाऱ्यांना ‘संरक्षित कामगार’ (वाद सुरू असताना परवानगीशिवाय ज्यांना काढता येत नाही असे) म्हणून मान्यता मागता येते: एकूण कामगारांच्या १ टक्का, किमान ५. ती नावं कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. ही पोच नसेल तर पहिली बडतर्फी टिकू शकते.

राजीनाम्याची धमकी कोणी देत असेल तर त्याला आठवण करून द्या की डीजीसीएच्या नियमानं कॅप्टनला १२ महिने आणि फर्स्ट ऑफिसरला ६ महिने नोटीस द्यावी लागते. मात्र त्या काळात कंपनीनं पगार किंवा सवलती कमी केल्या, तर लवकर मोकळं करा अशी मागणी तोच नियम करू देतो. म्हणून गेल्या बारा महिन्यांच्या पे-स्लिप, रोस्टर आणि लॉगबुकची पानं आजच उतरवून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा. वाद सुरू झाला की क्रू पोर्टलचा ॲक्सेस जाऊ शकतो.