दुधाचा दात असला तरी डॉक्टरांना दाखव

अगं, बाळ पडून त्याच्या दुधाच्या दाताला मार लागलाय ना, आधी शांत हो. तोंडातून रक्त भळाभळा येतं, पण स्वच्छ ओला रुमाल १० मिनिटं दाबून धरला की बहुतेक वेळा थांबतं. उलटी किंवा गुंगी असेल, तर दाताचं नंतर बघ, आधी दवाखाना गाठ.

दात मुळासकट निघाला असेल तर परत खोचू नकोस. पक्का दात बसवतात, दुधाचा नाही. दुधाचा खोचला तर त्याच्या मुळाशी तयार होत असलेल्या पक्क्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. निघालेला दात शोध मात्र. सापडला नाही तर डॉक्टरांना नक्की सांग, हिरडीत रुतलेला किंवा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

माझा लेक दीड वर्षाचा असताना पलंगाच्या कडेवर आपटला. वरचा दात इतका आत गेला की नुसतं पांढरं टोक दिसायचं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, म्हणाले, “थांबू या.” चार महिन्यांत तो आपसूक खाली आला. पुढे राखाडी पडला, पण कधी दुखला नाही.

म्हणून रंग बदलला तर लगेच काढायची घाई नको. हिरडीवर पुळी किंवा सूज दिसली तर मात्र लगेच दाखव. मार लागल्यापासून आठवडाभर खिमट, मऊ वरणभात दे, चोखणी बंद कर, आणि मऊ ब्रशने हळुवार घासत राहा.