खाणीशेजारचे घरटे : वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर लागला की तुर्भे, पनवेल, उरण पट्ट्यातून तीच पत्रे येऊ लागतात : डोंगर फुटतोय, वर समुद्री गरुडाचे घरटे आहे, काय करू? त्यातले काही प्रश्न.

प्रश्न : गरुडाला संरक्षण फक्त अभयारण्यात असते ना? (ऐरोली)

नाही. तो कुठेही असला तरी असते, अगदी खाणमालकाच्या सातबाऱ्यावरसुद्धा.

प्रश्न : घरट्यापासून ६६० फुटांत खाणकामाला बंदी आहे, असा मेसेज आला. हे कोणत्या कलमात आहे? (खारघर)

कोणत्याच नाही. तो आकडा अमेरिकेतल्या बाल्ड ईगलसाठीच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांमधला आहे. तिथे सुरुंगासाठी अर्ध्या मैलाचे अंतर सुचवले आहे, पण तेवढे मेसेजमधून गळाले. पुढे पाठवण्याआधी निदान देश कोणता ते तरी बघा.

आपल्या कायद्यात घरट्याभोवती फुटांत आखलेले वर्तुळ नाही. जे आहे ते जास्त कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) नुसार पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला बाधा पोचवणे हीसुद्धा 'शिकार'च. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. शिक्षा किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. किलोमीटरचा नियम मात्र अभयारण्यांना आहे : हद्दीपासून १ किमीपर्यंत खाणकाम नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ च्या आदेशातही कायम ठेवले. कर्नाळा अभयारण्याजवळ राहत असाल तर तो आदेश वाचून ठेवा.

प्रश्न : मे महिन्यापासून घरटे रिकामे आहे. खाणवाले म्हणतात, सर्वेक्षणात घरटे 'आढळले नाही', झाड पाडायला हरकत नाही. (उरण)

सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झाले, एवढेच त्यांना विचारा. बहुधा पावसाळ्यात.

आपल्या किनाऱ्यावर समुद्री गरुडाची वीण साधारण ऑक्टोबर ते मार्च चालते. सहसा दोन अंडी, सुमारे सहा आठवडे उबवणी, मग पिल्लू उडायला आणखी नऊ-दहा आठवडे. जुलैत गेलेल्या माणसाला काटक्यांचा ढीग दिसणार आणि तो 'वापरात नाही' असे लिहून मोकळा होणार. हाच ढीग ही जोडी वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरते. कायद्यात 'घरटे' एवढाच शब्द आहे, 'भरलेले घरटे' नाही. झाड तोडायची परवानगी मिळाली म्हणून घरटे पाडायची मिळत नाही.

आणि झाड न पाडताही घात होतो. उबवणीच्या दिवसांत सुरुंग उडाला की मादी दचकून उठते. अंडी उघडी पडतात, उन्हात तापतात नाहीतर कावळे नेतात. सुरुवातीच्या दिवसांत असे वारंवार झाले तर जोडी घरटेच सोडते. मग अहवालात पुन्हा 'आढळले नाही', आणि या वेळी ते खरे असते.

दुसरी चलाखी क्षेत्रफळाची. ५ हेक्टरपर्यंतच्या एकट्या खाणीला साधारणपणे सविस्तर पर्यावरणीय आघात अहवाल आणि जनसुनावणी लागत नाही, म्हणून एकाच डोंगराचे तुकडे वेगवेगळ्या नावांवर घेतले जातात. ५०० मीटरच्या आत शेजारी-शेजारी असलेले खाणपट्टे समूह म्हणून एकत्र मोजायचे असतात. नकाशावर हे अंतर स्वतः मोजा. माहिती अधिकारात (१० रुपये, ३० दिवस) पर्यावरण मंजुरी, तिच्या अटी आणि सहामाही अनुपालन अहवाल मागवा. पक्ष्यांच्या यादीत सर्वेक्षणाची तारीख नसेल तर तिथे बोट ठेवा. हे कागद घेऊन वकिलाकडे जा. नुसते फोटो घेऊन गेलात तर तो हेच कागद मागेल.

प्रश्न : घरटे माझ्याच खाणपट्ट्यात निघाले. एक एजंट घरटे हलवण्याची 'एनओसी' काढून देतो म्हणतो. (पनवेलचे खाणमालक)

पैसे देऊ नका. शिकारबंदीतून सूट फक्त वन्यजीव कायद्याच्या कलम ११ आणि १२ खाली मिळते, आणि 'काम अडले' हे कारण दोन्हींत नाही. त्या बाजूचे सुरुंग आजच थांबवा, काम खाणीच्या दुसऱ्या तोंडावर न्या, वनक्षेत्रपालांना लेखी कळवा आणि पाहणी मागा. पाहणीच्या आधी ड्रोन उडवून 'खात्री' करू नका. त्यानेही पक्षी उठतो.

प्रश्न : दोन महिने फोन करतोय, कोणी येत नाही. (तुर्भे)

फोनचा पुरावा राहत नाही. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. तुर्भे ठाणे वन विभागात येते, पनवेल-उरण अलिबागमध्ये. चुकीच्या टेबलावरचा अर्ज तिथेच पडून राहतो. घरट्याचे अक्षांश-रेखांश, सुरुंगांच्या तारखा-वेळा, आणि घरटे व खाणीचे तोंड एकाच चौकटीत येईल असा फोटो जोडा. फोटो सार्वजनिक रस्त्यावरूनच काढा. खाणीत शिरलात तर गुन्हा तुमच्यावर, आणि दगड डोक्यात.

यातही दिवस मोजा. वन अधिकारी हलले नाहीत तर वन्यजीव कायद्याच्या कलम ५५ खाली सामान्य नागरिकही न्यायालयात जाऊ शकतो, पण ६० दिवसांची नोटीस देऊन. अंड्यापासून उड्डाणापर्यंत जेमतेम चार महिने. निम्मे नोटिशीतच जातात. म्हणून पहिल्या अर्जासोबतच नोटीस द्यावी, मसुदा वकिलाकडून तपासून घेऊन. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जायचे असेल तर साधारण सहा महिन्यांची मुदत आहे, तीही वकिलाकडून मोजून घ्या.

प्रश्न : पिल्लू खाली पडलेय. बोंबील देऊ का? (करावे)

नको, पाणीही पाजू नका. कुत्री दूर ठेवा आणि वन विभागाच्या हेल्पलाइनचा १९२६ लावा.