होम्सचे दहा भाग गेले कुठे?

प्रश्न : पीटर कुशिंग यांची बीबीसीवरची १९६८ची शेरलॉक होम्स मालिका मला पूर्ण पाहायची आहे. सोळापैकी सहाच भाग मिळतात. आधीची, डग्लस विल्मर यांची १९६५ची मालिका मात्र जवळजवळ सगळी मिळते. जुनी शाबूत आणि नंतरची गायब, हे कसं?

उत्तर : उरलेले दहा भाग शोधत फिरू नका, ते बीबीसीकडेच नाहीत. माझी उमेदीची वर्षं टेप लायब्ररीत गेली, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही. चीड मात्र येते. तेव्हा कार्यक्रम दोन इंच रुंद टेपवर रेकॉर्ड होत. टेप महाग, पण पुसून पुन्हा वापरता येणारी. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम मनाला येईल तितक्या वेळा दाखवता येत नसे, आणि घरोघरी व्हिडिओ यायला अजून अवकाश होता. मग कपाट अडवून ठेवायचं कशासाठी? पुसा! आमच्याकडेही टेपच्या डब्यावर एक नाव खोडून दुसरं, तेही खोडून तिसरं लिहिलेलं असे. खोडलेली नावं स्वच्छ वाचता येत. आत फक्त शेवटचा कार्यक्रम. बीबीसीतली ही पुसापुशी १९७८च्या सुमारास थांबली.

विल्मर तरले ते फिल्मच्या जोरावर. परदेशी वाहिन्यांना विकायला म्हणून मॉनिटरसमोर कॅमेरा लावून कार्यक्रमाची १६ मिलिमीटरची प्रत काढत. मूळ टेप पुसली गेली तरी ती रिळं मागे राहिली. तरीही त्यातले दोन भाग अर्धवटच आहेत. कुशिंग यांच्या दहा भागांची प्रत अजून उजेडात आलेली नाही. अशा गोष्टी कधीकधी एखाद्या संग्राहकाच्या माळ्यावर निघतात, म्हणून आशा पार सोडू नये, इतकंच.

प्रश्न : मग जेरेमी ब्रेट यांचा होम्स इतका लख्ख कसा दिसतो?

उत्तर : ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीने १९८४ ते १९९४ या काळात केलेले ते ४१ भाग फिल्मवरच चित्रित झाले. फिल्म नीट जपली असेल तर नव्या यंत्रावर पुन्हा स्कॅन करता येते. सुरुवातीचे भाग आधी पाहा, ब्रेट तिथे ऐन भरात आहेत.

प्रश्न : माझ्याकडे दूरदर्शनवरून टेप केलेल्या 'ब्योमकेश बक्षी'च्या व्हीएचएस कॅसेट आहेत, जाहिरातींसकट. ठेवू की टाकू?

उत्तर : टाकू नका! बासू चॅटर्जींची ती मालिका १९९३ साली सुरू झाली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, म्हणजे ब्योमकेश झालेले रजित कपूर कुठे हरवलेले नाहीत. दुर्मीळ आहेत त्या मधल्या जाहिराती आणि निवेदन. ते सहसा कुणी जपत नाही.

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी तिच्या खिडकीतून उजेडात पाहा. गुंडाळीच्या कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट चालवलीत तर यंत्राचं हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्यांच्या कडेला असलेली छोटी प्लास्टिकची टिकली तोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. कॅसेट आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. डिजिटल करायला द्याल तेव्हा "जाहिराती कापायच्या नाहीत" असं कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं विसरतात.